नगररचना क्षेत्रातलं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगररचनेचं शिक्षण, महाराष्ट्रातली सरकारी भरती, खासगी काम आणि परवाना यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नगररचनाकार नेमकं काय करतो? आर्किटेक्ट आणि तो एकच ना?

नाही. आर्किटेक्ट एका भूखंडाच्या आत काम करतो. तो भूखंड तिथे का आहे, त्याच्यापुढचा रस्ता १२ मीटरचा की १८ मीटरचा, शेजारी शाळेचं आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा) का पडलं आणि गावाबाहेरची शेतजमीन रहिवास विभागात कधी येणार, हे नगररचनाकार ठरवतो. ठरवतो म्हणण्यापेक्षा प्रस्तावित करतो असं म्हणावं लागेल, कारण शेवटची मंजुरी शासनाची असते.

रोजचं काम ऐकायला इतकं भारदस्त वाटत नाही. सातबारा, मोजणी नकाशा आणि विकास योजनेचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहणं, झोन दाखला (जमीन कुठल्या वापर विभागात आहे याचा दाखला) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला त्या जमिनीपुरता भाग) देणं, अभिन्यास (लेआउट) तपासणं, हरकतींवर अभिप्राय लिहिणं, जमिनीचं मूल्यांकन करणं आणि न्यायालयासाठी शपथपत्राचे मुद्दे काढणं यात दिवस जातो. चित्रं काढण्यापेक्षा टिपणी लिहिणं जास्त असतं.

२. डीपी, आरपी, टीपी स्कीम हे शब्द सगळे सरमिसळ वापरतात. फरक काय?

तिन्हींचा आधार एकच, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. बोलताना सगळे त्याला ‘एमआरटीपी’ म्हणतात.

आरपी म्हणजे प्रादेशिक योजना. ती जिल्ह्याएवढ्या किंवा मोठ्या प्रदेशाची असते. डीपी म्हणजे विकास योजना, एका शहराची किंवा नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीची. त्यात वापर विभाग, रस्ते आणि आरक्षणं असतात. टीपी स्कीम म्हणजे नगररचना योजना. ती एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरून नव्याने आखते. मालकाचा मूळ भूखंड जातो आणि त्याच्या जागी रस्ता लागलेला, नीट आकाराचा, पण लहान अंतिम भूखंड मिळतो. सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात, मालकाला ४० टक्के जमीन अंतिम भूखंड म्हणून परत मिळते, असं सूत्र आहे.

‘टीपी’ हा शब्द मात्र जपून ऐका. कुणी ‘टीपीत काम अडलंय’ म्हणालं तर बहुतेक वेळा त्याला योजना नाही, नगररचना कार्यालय म्हणायचं असतं.

३. बारावीनंतर थेट या क्षेत्रात यायचं असेल तर काय करावं?

बी.प्लॅनिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी आहे. बारावीला गणित हवं. केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो. हा पेपर ३ तासांचा आणि ४०० गुणांचा असतो. गणिताला १००, अभियोग्यता चाचणीला २०० आणि नियोजनावरच्या प्रश्नांना १०० गुण असतात. चित्रकलेचा भाग २ए मध्ये, म्हणजे बी.आर्क.च्या पेपरात असतो. २बी मध्ये नाही. नाटा ही परीक्षाही बी.आर्क.साठी आहे, तिचं शुल्क उगाच भरू नका.

अर्ज भरताना ‘पेपर २’वर खूण करून मोकळं व्हायचं आणि २बी निवडायचंच राहायचं, ही चूक दरवर्षी होते. आणखी एक अडथळा निकालानंतर कळतो. जोसामार्फत (केंद्रीय संस्थांची एकत्रित प्रवेशप्रक्रिया) एनआयटी किंवा एसपीएची (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जागा हवी असेल, तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. जेईईत उत्तम गुण असूनही इथे गाडी अडते.

दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या तीन एसपीए, भोपाळची मॅनिट, अहमदाबादची सेप्ट ही ओळखीची नावं. पुण्यात सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. राज्यातल्या जागांसाठी सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, मागच्या वर्षाची नको.

४. माझं सिव्हिल (किंवा बी.आर्क., किंवा भूगोलात एम.ए.) झालंय. आता उशीर झाला का?

उलट या क्षेत्रातले बरेच लोक याच वाटेने येतात. एम.प्लॅन दोन वर्षांचं आहे. बी.आर्क., बी.प्लॅन आणि बी.ई. सिव्हिल झालेल्यांना जवळपास सगळीकडे प्रवेश मिळतो. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांतल्या पदव्युत्तरांना अनेक संस्था घेतात, पण शाखेनुसार अट बदलते. पर्यावरण नियोजनाला चालणारी पदवी वाहतूक नियोजनाला चालेलच असं नाही. आयआयटी खरगपूर, आयआयटी रुरकी, नागपूरची व्हीएनआयटी, एसपीए, सेप्ट आणि सीओईपी इथे पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे.

सिव्हिलवाल्यांना एक सल्ला. फक्त एमपीएससीचं पद हवं असेल, तर एम.प्लॅनची दोन वर्षं घालवण्याआधी प्रश्न ७ वाचा.

५. गेटचा (पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) कुठला पेपर द्यायचा?

नियोजनासाठी ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’, म्हणजे एआर. त्यात एक भाग सर्वांना समान असतो आणि दुसऱ्या भागात वास्तुकला की नियोजन हे परीक्षेत निवडायचं असतं. सिव्हिलवाल्यांना सीई पेपरच्या गुणांवरही काही संस्था प्रवेश देतात. १०० पैकी १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे असतात आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. एनआयटी आणि एसपीएच्या जागा सीसीएमटीच्या (पदव्युत्तर जागांची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया) समुपदेशनातून भरतात, आयआयटींचा अर्ज स्वतंत्र असतो. गेट नसेल तर काही जागा प्रायोजित किंवा विनागेट असतात, मात्र त्यात विद्यावेतन मिळत नाही.

६. कॉलेज निवडताना काय बघायचं?

इमारत आणि प्लेसमेंटची आकडेवारी नंतर बघा. आधी स्टुडिओ बघा. सत्रभर एक खरं गाव किंवा शहर घेऊन विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण, लोकसंख्येचा अंदाज, मग प्रस्ताव, असं काम विद्यार्थ्यांकडून करून घेतात का? आधीच्या तुकडीचा एखादा अहवाल मागा. त्यात सर्वेक्षणाचे तक्ते आणि नकाशे एकमेकांशी जुळतात का, एवढं तपासलं तरी कॉलेजचा दर्जा कळतो. अभ्यासक्रमाला ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया’ची मान्यता आहे का, हेही विचारा. १९५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सहयोगी सदस्यत्वाचा उपयोग पुढे परवान्याच्या वेळी होतो (प्रश्न १३).

७. महाराष्ट्रात सरकारी नोकरीची पदं कोणती आणि भरती कोण करतं?

मुख्य घर म्हणजे नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग. १९१४ पासूनचा हा विभाग नगरविकास विभागाच्या अखत्यारीत आहे आणि त्याचं संचालनालय पुण्यात आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शाखा कार्यालयं आहेत. वरून खाली उतरंड अशी: संचालक, सहसंचालक, उपसंचालक, सहायक संचालक, नगररचनाकार, सहायक नगररचनाकार, रचना सहायक, आरेखक (ड्राफ्ट्समन), अनुरेखक (ट्रेसर).

नगररचनाकार (गट अ) आणि सहायक नगररचनाकार (गट ब) ही पदं एमपीएससी भरते. रचना सहायक, कनिष्ठ आरेखक आणि अनुरेखक यांची जाहिरात संचालनालय काढतं आणि संगणकीय परीक्षा घेतली जाते. २०२४ मध्ये या खालच्या पदांसाठी जाहिराती आल्या होत्या.

लोकांना आश्चर्य वाटतं ते इथे. सहायक नगररचनाकार पदासाठी नियोजनाचीच पदवी लागते असं नाही. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला, बांधकाम तंत्रज्ञान, नागरी नियोजन यांपैकी पदवी चालते. म्हणून स्पर्धेत सिव्हिलवाल्यांचा भरणा मोठा असतो. नियोजन शिकलेल्यांना ही गोष्ट खटकते आणि ती खटकायलाच हवी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही नेमकं हेच बोट ठेवलं होतं: नगररचनेच्या पदांसाठी अनेक राज्यांत नियोजनाची अर्हता अनिवार्यच नाही.

८. एमपीएससीच्या या परीक्षेत काय विचारतात? तयारी कशी करावी?

वस्तुनिष्ठ परीक्षा आणि मुलाखत. स्थापत्य आणि नियोजनाचा तांत्रिक भाग, त्यावर अधिनियम आणि नियमावली. पाठांतराने पहिला भाग निघतो. दुसऱ्यात फसतात, कारण कलमं वाचलेली असतात पण लावून पाहिलेली नसतात.

एक उदाहरण हाताने सोडवून बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.८१ हेक्टर, म्हणजे ८१ आर, म्हणजे ८,१०० चौ.मी. जमिनीतून १८ मीटरचा डीपी रस्ता ९० मीटर लांबीने सरळ जातो. अभिन्यासात मोकळी जागा किती सोडायची? घाईत उत्तर येतं ८१० चौ.मी., म्हणजे ८,१०० चे १० टक्के. ते चूक आहे. रस्त्याखाली १८ × ९० = १,६२० चौ.मी. गेले. उरले ६,४८०. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मोकळी जागा सोडणं जिथून सुरू होतं ती ०.४ हेक्टरची मर्यादा आणि १० टक्के हे दोन्ही डीपी रस्ता व आरक्षण वजा केल्यावर मोजायचे असतात. म्हणून उत्तर ६४८ चौ.मी. एकूण क्षेत्र ४,००० चौ.मी.च्या (०.४ हेक्टरच्या) थोडं वर असलं, की वजावटीनंतर ते खाली घसरू शकतं आणि सगळा हिशेबच बदलतो. परीक्षकाला नेमकी तीच जागा आवडते.

दुसरी हमखास चूक आर आणि गुंठ्याची. १ आर म्हणजे १०० चौ.मी. १ गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौ. फूट, सुमारे १०१.१७ चौ.मी. फरक बारीक वाटतो, पण मोठ्या जमिनीत अख्खा भूखंड इकडचा तिकडे होतो.

अधिनियमातली काही कलमं डोळे झाकून यायला हवीत: २२ (विकास योजनेत काय असतं), २५ (विद्यमान जमीन वापर), २६ (प्रारूप योजना), ३१ (मंजुरी), ३७ (फेरबदल), ४४ आणि ४५ (परवानगी), ५२ ते ५३ (अनधिकृत विकास), ५९ पासून नगररचना योजना, १२७ (आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, होणं). १२७ नीट समजून घ्या. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना (‘जमीन घ्या’ अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. जुन्या पुस्तकांत २४ ऐवजी १२ महिने छापलेले आढळतील. ते दुरुस्तीपूर्वीचं आहे. मुलाखतीला जाणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या मंजूर योजनेचा नकाशा एकदा तरी उलगडून पाहिलेला असावा.

९. माझ्याकडे पदविका आहे / आयटीआय आहे. मला जागा आहे का?

आहे. स्थापत्य पदविकेवर रचना सहायक पदाचा अर्ज करता येतो. आयटीआयचा दोन वर्षांचा स्थापत्य आरेखक अभ्यासक्रम झालेल्यांसाठी अनुरेखक आणि कनिष्ठ आरेखक ही पदं असतात. त्यांना ऑटोकॅड किंवा जीआयएसचं (संगणकीय नकाशा प्रणाली) प्रमाणपत्र मागितलं जातं. प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव, कालावधी आणि उत्तीर्ण झाल्याची तारीख स्पष्ट असू द्या. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचं प्रमाणपत्र चालत नाही, मग ज्ञान कितीही असो.

रचना सहायक हे पद अनेकांना दुय्यम वाटतं. पण कार्यालयात प्रस्तावाची पहिली छाननी आणि जागेची पाहणी त्यांच्याकडेच असते. काम शिकायला याहून चांगली जागा नाही.

१०. माझी पदवी जाहिरातीतल्या यादीत शब्दशः नाही. अर्ज करू का?

जाहिरातीत ‘किंवा समतुल्य’ असा शब्द आहे का, ते आधी पाहा. असेल तरी समतुल्यता तुम्ही ठरवत नाही. तसा शासन निर्णय किंवा विद्यापीठाचं अधिकृत पत्र लागतं. ते कागदपत्र तपासणीच्या दिवसाआधी हातात हवं. ‘बी.टेक. (प्लॅनिंग)’, ‘बी.प्लॅन.’ आणि ‘बी.ई. (कन्स्ट्रक्शन)’ अशी वेगवेगळी नावं असलेल्या पदव्यांत हा घोळ हमखास होतो. पदविकेच्या पदाला थेट पदवीधरांनी अर्ज करतानाही हेच. उच्च अर्हता आहे म्हणून खालची आपोआप पूर्ण होते, असं गृहीत धरू नका. त्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाचा.

११. नगररचना विभाग सोडून राज्यात आणखी कुठे जागा निघतात?

सिडको, एमएमआरडीए, पीएमआरडीए, एमआयडीसी, नागपूर सुधार प्रन्यास, म्हाडा, एमएसआरडीसी. यांपैकी बरीच प्राधिकरणं आपापल्या क्षेत्राची नियोजन प्राधिकरणं आहेत, म्हणजे योजनाही तेच करतात आणि परवानगीही तेच देतात. त्यांच्या जाहिराती स्वतंत्र निघतात आणि कंत्राटी पदंही बरीच असतात. महानगरपालिकांत वरची पदं पुष्कळदा नगररचना विभागातून प्रतिनियुक्तीवर भरली जातात. खाली महापालिकेचे स्वतःचे अभियंते असतात. त्यामुळे ‘महापालिकेत नगररचनाकार व्हायचंय’ म्हणणाऱ्यांनी विभागाची परीक्षा देणं हाच सरळ रस्ता.

केंद्रात दिल्लीची टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग ऑर्गनायझेशन आहे. तिची पदं यूपीएससी भरते. दिल्ली विकास प्राधिकरणही नियोजनाची पदं वेळोवेळी जाहीर करतं. तिथे मात्र नियोजनाची पदवी खरोखर लागते.

१२. खासगी क्षेत्रात काय काम मिळतं?

सल्लागार कंपन्यांत बहुतेक काम सरकारचंच असतं, फक्त बाहेरून दिलेलं. विकास योजनेसाठी जमीन वापर सर्वेक्षण, केंद्राच्या अमृत योजनेतले १:४००० प्रमाणाचे जीआयएस आधारित आराखडे, शहरांचे वाहतूक आराखडे, मेट्रोचे प्रकल्प अहवाल, औद्योगिक वसाहतींचे अभिन्यास. पैसे टप्प्याटप्प्याने येतात. शासनाची मंजुरी लांबली की कंपनीचं बिल लांबतं आणि कंपनी लहान असेल तर पगारही. रुजू होण्याआधी कंपनीकडे चालू असलेली कामं कुठल्या टप्प्यात आहेत ते विचारा. विचारायला संकोच वाटण्यासारखा हा प्रश्न नाही.

विकासकांकडे दुसऱ्या प्रकारचं काम असतं. जमीन घेण्याआधी झोन, रस्ता, आरक्षण, एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम चालेल याचं प्रमाण), टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणता येणारा बांधकामाचा हक्क) आणि सुविधा क्षेत्र तपासून किती बांधकाम निघेल याचा अंदाज द्यायचा. इथे पगार लवकर वाढतो, पण एक चूक लगेच पैशात मोजली जाते.

१३. नगररचनाकार म्हणून परवाना मिळतो का? नकाशावर माझी सही चालेल का?

आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे. नगररचनाकारासाठी देशात तसा कायदा नाही. पण राज्याच्या एकत्रीकृत नियमावलीत (प्रश्न ८) परवानाधारक तांत्रिक व्यक्तींमध्ये नगररचनाकार आहे. प्रश्न ६ मधल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स, इंडिया’चं सहयोगी सदस्यत्व किंवा नगर व ग्राम नियोजनातली पदवी ही त्याची किमान अर्हता.

अधिकार कुठे संपतो ते लक्षात ठेवा. जमिनीची विभागणी आणि अभिन्यास यांचे नकाशे सादर करता येतात, जमिनीच्या विकासाच्या देखरेखीचं प्रमाणपत्र देता येतं. इमारतीचे नकाशे त्यात येत नाहीत. त्यामुळे फक्त बी.प्लॅनवर ऑफिस थाटणाऱ्यांना बांधकाम परवानगीच्या कामात आर्किटेक्ट किंवा अभियंता भागीदार लागतो. बी.आर्क. करून मग एम.प्लॅन केलेल्यांना दोन्ही सह्या करता येतात आणि लहान शहरांत या जोडीला खरी मागणी आहे.

ही नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे, पण राज्यभर सरसकट नाही. बृहन्मुंबईत वेगळी नियमावली चालते. एमआयडीसी, नैना यांसारख्या क्षेत्रांनाही ती लागू नाही.

१४. परवानगीचे ऑनलाइन प्रस्ताव वारंवार परत का येतात?

बहुतेक वेळा नियमामुळे नाही, नकाशामुळे. संगणकप्रणाली नकाशाच्या ठरलेल्या लेअरमधल्या (थरातल्या) रेषाच वाचते. भूखंडाची हद्द बंद बहुभुज नसेल, एक कोपरा अर्धा मिलिमीटर उघडा असेल, तर क्षेत्र वाचलंच जात नाही. रस्तारुंदीची रेषा चुकीच्या लेअरवर असेल तर वजावट होत नाही आणि सगळे आकडे वाढीव येतात.

दुसरं कारण क्षेत्राचा मेळ. मालकी कागदावरचं, मोजणी नकाशावरचं आणि प्रत्यक्ष जागेवरचं अशी तीन क्षेत्रं क्षेत्र विवरणपत्रात द्यायची असतात आणि सर्वांत कमी असेल ते धरायचं असतं. मालक सातबाऱ्याचा आकडा धरून बसतो. मोजणीत तो कमी निघाला की त्याला वाटतं सल्लागाराने जमीन खाल्ली. हे आधीच, कागदावर, सही घेऊन समजावून सांगा.

१५. फक्त जीआयएस शिकलो तर नोकरी मिळेल?

मिळेल, पण नकाशा काढणारा म्हणून. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि महिनाभरात हाताला बसतं. अवघड भाग वेगळा आहे. जुने गाव नकाशे स्कॅन करून बसवताना दोन गावांच्या शिवा (हद्दी) जुळत नाहीत. कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढतात. त्या ओढूनताणून जुळवल्या की आतले गट (जमिनीचे क्रमांक दिलेले तुकडे) सरकतात आणि कुणाच्या तरी शेतातून रस्ता जातो. अशा वेळी गटबुक, टिपण आणि फाळणी नकाशा हे मोजणीचे जुने कागद वाचता येणारा माणूस लागतो.

अगदी साधी पण महाग चूक प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीची. अक्षांश-रेखांशात ठेवलेल्या नकाशावर सरळ क्षेत्र मोजलं तर ते चुकतं. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी यूटीएम या प्रोजेक्शनचा झोन ४३ उत्तर, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, झोन ४४ उत्तर. अमरावती आणि नागपूर एकाच प्रकल्पात आले की हा घोळ होतो.

१६. मूल्यांकनाचं काम वेगळं करिअर होऊ शकतं का?

हो, आणि फार कमी लोक त्याकडे बघतात. विभागाच्या नावातच मूल्यनिर्धारण आहे. मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी लागणारे रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाकडे असलेले नगररचनेचे अधिकारी तयार करतात. बाहेर, कंपनी कायद्याखालच्या नोंदणीकृत मूल्यांककांमध्ये ‘जमीन व इमारत’ या वर्गाला स्थापत्य, वास्तुकला किंवा नगररचना यांतली पदवी आणि ५ वर्षांचा अनुभव चालतो. पदव्युत्तर असाल तर ३ वर्षं पुरतात. त्यानंतर ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. नियोजन शिकलेल्यांसाठी ही नोंदणी व्यवसायाला चांगला जोड आहे.

१७. पगार किती मिळतो?

सातव्या वेतन आयोगानुसार रचना सहायकाची श्रेणी ३८,६००–१,२२,८०० रुपये आणि नगररचनाकार, गट अ ची ५६,१००–१,७७,५०० रुपये. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. खासगी क्षेत्राचा एकच आकडा सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कॉलेज, शहर आणि काम सर्वेक्षणाचं की प्रकल्प व्यवहार्यतेचं, यावर तो कितीतरी बदलतो.

१८. खेड्यांकडे काम आहे का, की सगळं शहरांचंच?

‘नगर’ शब्दामुळे हा गैरसमज होतो. जिल्ह्यातल्या शाखा कार्यालयाचं पुष्कळसं काम ग्रामीणच असतं: प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातले अभिन्यास, गावठाणालगतच्या परवानग्या, भूसंपादनाचं मूल्यांकन. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आणि पहिल्यांदाच घरनिहाय नकाशे मिळू लागले. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा प्रायोगिक टप्पा झाला होता. हे नकाशे हाती आल्यावर गावाचं नियोजन कुणी करायचं, हा प्रश्न पुढच्या काही वर्षांत मोठा होणार आहे. आमच्या मते या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित संधी इथेच आहे.

१९. पदं रिकामी आहेत म्हणतात, मग भरती रोज का निघत नाही?

आकडे खरे आहेत. प्रश्न ७ मधल्या त्याच अहवालात राज्यांच्या नगररचना विभागांत मिळून १२,००० हून जास्त नगररचनाकारांची गरज सांगितली आहे. मंजूर पदं ४,००० च्या आत, आणि त्यांतलीही जवळपास निम्मी रिकामी. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना आराखडाच नाही.

पण गरज म्हणजे मंजूर पद नव्हे आणि मंजूर पद म्हणजे जाहिरात नव्हे. मधे आकृतिबंध (पदांची मंजूर रचना), वित्त विभागाची संमती, बिंदुनामावली (सामाजिक आरक्षणानुसार पदांची वाटणी) आणि मागणीपत्र असे टप्पे असतात. त्यामुळे जाहिराती दरवर्षी येत नाहीत. आल्या की एकदम मोठ्या येतात. केवळ या एका परीक्षेवर चार-पाच वर्षं बसून राहू नका. खासगी काम करत अभ्यास करणारे जास्त टिकतात.

२०. या नोकरीतला त्रास काय, खरं सांगा.

बदल्या आणि दबाव. आरक्षण कुठे टाकलं आणि कुठून उठवलं, यात कोट्यवधींचा फरक पडतो आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी उभं असतं. माहिती अधिकाराचे अर्ज, विधिमंडळातले तारांकित प्रश्न आणि न्यायालयातल्या तारखा यांत महिन्याचे बरेच दिवस जातात. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हजारो हरकती येतात आणि प्रत्येकीवर कारणासह अभिप्राय लिहावा लागतो. तुमची टिपणी १५ वर्षांनी उच्च न्यायालयात वाचली जाऊ शकते, म्हणून ‘वरून सांगितलं’ ही ओळ कधीच संरक्षण देत नाही. निर्णयामागचं कारण कागदावर असलं तरच तुम्ही बचावता.

२१. विद्यार्थी असताना आत्ता काय करता येईल?

एआयसीटीई आणि केंद्रीय गृहनिर्माण व नगरव्यवहार मंत्रालयाच्या ‘ट्युलिप’ योजनेतून स्थानिक स्वराज्य संस्थांत इंटर्नशिप मिळते. ती मिळाली तर झोन दाखल्यांच्या टेबलाजवळ बसायला मागा, सादरीकरणं बनवायला नको. पोर्टफोलिओत रंगीत संकल्पनाचित्रांपेक्षा एक पूर्ण साखळी ठेवा: सर्वेक्षणाचा तक्ता, त्यावरून काढलेला नकाशा, लोकसंख्येचा अंदाज, त्यावरून किती शाळा आणि किती हेक्टर लागतील याचा हिशेब, आणि ती आरक्षणं नकाशावर नेमक्या कुठल्या गटांत बसवली. आणि त्या गटांवर आधीच घरं उभी आहेत का, ते जागेवर जाऊन पाहून या. उभी असतील तर तसं लिहा.